पिवळी रेघ

जिना जिथे मैदानाकडे उघडतो तिथे फरशीवर
एक पिवळी रेघ मारलेली आहे.
रेघेच्या अलीकडे बिअर, पलीकडे गवत,
आणि रेघेवर मी, ग्लेनिस ओल्डरॉइड,
भडक नारिंगी जाकिटात,
पंधरवड्यातून एका शनिवारी, चार तास.
"ग्लास इथंच ठेव, राजा."

कायदा सोपा आहे. चेंडू दिसत असेल तर घोट नाही.
घोट घ्यायचा तर भिंतीकडे तोंड.
मी शाळेत होते तेव्हा कुठेतरी कुणीतरी बाटल्या भिरकावल्या,
दुधानं तोंड पोळलं,
आता पाण्याच्या बाटलीचंही झाकण आम्ही काढून घेतो.
घरी जाताना माझ्या खिशात
निळी झाकणं खुळखुळतात.

रविवारी याच मैदानावर रग्बी.
तीच खुर्ची, तोच बर्नर्ड, मांडीवर ग्लास,
आणि कुणी हूं की चूं करत नाही.
"काल मी गुंड होतो, आज सद्गृहस्थ," तो म्हणतो,
"एका रात्रीत एवढा सुधारलो,
पाद्रीबुवांना चाळीस वर्षांत जमलं नव्हतं."

वर काचेच्या खोल्या आहेत.
तिथे वाइन असते, म्हणून सामना सुरू व्हायच्या आधी
एक पोरगा येऊन पडदे ओढतो.
इतके पौंड मोजायचे
आणि पडद्याची शिवण बघत बसायचं.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. दहा रांगेत जातात.
उरलेल्या पाचांत माणसं बिअर अशी रिचवतात
जशी नाक दाबून एरंडेल.
हे बघितलं की वाटतं, पुसा ती रेघ.
बसू द्या हळूहळू चाखत.
भरला ग्लास हातात असलेला माणूस
उडी मारण्याआधी एकदा तरी विचार करतो.

पण के रांगेत सतरा नंबरला नॉर्मन थ्वेट बसतो.
अकरा वर्षं झाली, थेंब नाही.
बारसमोरून येताना तो श्वास रोखून येतो,
पाण्याखालून पोहत आल्यासारखा,
आणि रेघ ओलांडली की सोडतो.
एकदा म्हणाला, "कोपऱ्यावर पब, पोरीच्या लग्नात शॅम्पेन,
कुणी मेलं तरी शेरी.
इथं दोन तास शेजारच्याचे हात रिकामे असतात, ग्लेनिस.
एवढीच जागा उरलीय."

माझा बाप प्यायचा का, ते विचारू नका.
प्यायचा. मैदानात कधीच नाही, तिथे शहाण्यासारखा बसायचा.
संघ हरला की आई मला सांगायची,
खोलीला आतून कडी लाव.
त्या घरात कुणी रेघ मारली नव्हती.

क्लबनं परवा कागद वाटले.
'खुर्चीवर बिअर मिळावी का?'
हो, नाही. दोनच चौकोन,
आणि दोन्ही इतके लहान
की नॉर्मन एकातही मावत नाही, बर्नर्डही नाही.
कागद झाकणांच्या खिशात आहे. घडी घातलेला.

आणि एवढ्यात छप्पर हादरलं.
गोल!
भिंतीकडे तोंड करून उभे असलेले तीस-चाळीस जण
एकदम वळले, मिशांना फेस,
"कुणी मारला? ग्लेनिस, कुणी मारला?"

मला काय ठाऊक.
माझी पाठ मैदानाकडे असते, पगार त्याचाच मिळतो.
नऊ वर्षांत एकही गोल पाहिलेला नाही,
फक्त तुमची तोंडं पाहिलीत, गोल झाल्यावर कशी होतात ती.

मान वळवली तर के रांगेचं टोक तेवढं दिसतं.
नॉर्मन उभा होता, दोन्ही हात वर,
मोकळे, बोटं फाकलेली.

तेवढ्यात बर्नर्ड आला धावत,
अर्धा ग्लास माझ्या हातात कोंबला
आणि रेघ ओलांडून गेला.
"धर जरा," म्हणाला.