आणखी काही?

पंधरवड्यातून एकदा आमची बोट
या बेटाच्या धक्क्याला लागते.
खालच्या केबिनमध्ये एक खुर्ची, एक दिवा,
आणि हेलकाव्यात सरकू नये म्हणून
दोरीने बांधलेलं हत्यारं उकळायचं यंत्र.
चिलोएच्या समुद्राला दातांचं देणंघेणं नाही.

आज पहिली एदेल्मिरा चिगुआय.
वय बहात्तर. खालची डावी दाढ.
गालावर गरम राख भरलेला लोकरीचा मोजा.
"काढून टाका," खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणते.

मी फॉर्म पुढ्यात घेते.
हृदयविकार? नाही.
रक्तदाब? नाही.
दमा, मधुमेह, फिट, कावीळ?
शेतातले दगड बांधावर भिरकवावेत
तशी ती एकेक "नाही" भिरकावते.
लहानपणी संधिज्वर?
"हे काय असतं? नाही."
औषधं?
"औषधं आजारी माणसं घेतात."

सही करते, शाळेत शिकवली तशी, शेपटीसकट.
नेलिदाने ट्रे मांडलाय, सुई भरलीय.
वर डेकवर अकरा माणसं
आणि ओहोटी कुणासाठी थांबत नाही.

पण मला रोसामेल बार्रिआ आठवतो.
त्यानेही अशीच सही केली होती.
रात्री दोनला पोराने होडी वल्हवत आणला त्याला,
तोंडात उशीचा अभ्रा कोंबून,
आणि अभ्र्याचा मूळ रंग कोणता
ते कळायची सोय नव्हती.
वाचला तो. अजून भेटतो, शिंपले देतो.
कानाला खडा मी लावला:
कागदाचं विचारायचं एकदा,
माणसाला विचारायचं तीनदा,
आणि तिसऱ्यांदा भलतंच काहीतरी.

"बटाटे सोलताना बोट कापलं तर?"
"तर काय. कापतं."
"रक्त कधी थांबतं?"
ती विचार करते. आज पहिल्यांदाच.
"परवा कापलं तेव्हा मिल्काव भाजायला टाकले होते.
भाजून झाले, खाऊन झाले, भांडी घासली,
फडकं ओलंच."
"रात्री उशाशी काय असतं तुमच्या?"
"जपमाळ. बॅटरी. पाण्याचा पेला."
"पाणी कशाला?"
"अर्ध्या गोळीला."

अर्ध्या गोळीला.
"ते औषध नाही हो," ती मलाच समजावते,
"कास्त्रोच्या डॉक्टरने दिलीय, पांढरी, एवढीशी.
औषध असतं
तर अख्खी नसती का दिली?"

नेलिदा तिच्या बोटाला टोचते.
यंत्र आकडा दाखवतं:
तीनच्या आत हवा, तो चार पूर्णांक आठ.
आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही.
सुई टोपणात परत जाते.

मग दाताच्या कण्या करून सांगते,
आज उपटली तर रक्त थांबणार नाही,
गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही,
ही चिठ्ठी कास्त्रोला दाखवा,
दाढेत औषध भरते, ठणका उतरेल, पुढच्या फेरीला काढू.
ती ऐकते कसली!
"दोन तास वल्हं मारलंय माझ्या नातवाने.
प्रश्नांसाठी?"
मोजा उचलते. राख गार झालेली.

पुढच्याला बोलवायला मी डेकवर येते
तर तिची होडी सुटलीय, वीसेक हात दूर.
आणि ती एकदम उभी राहते,
नातू शिव्या घालत तोल सावरतो.
"डॉक्टर! भूकंपाच्या वर्षी!
समुद्र मागे गेला होता बघा, त्या वर्षी!
गुडघे फुगले माझे, पावासारखे,
गुडघे उतरले की मनगटं,
चाळीस दिवस ताप,
आई उचलून उन्हात ठेवायची!
चालतं का हे तुमच्या कागदाला?"

खिशात पेन आहे, कागद खाली राहिलाय.
हातमोज्यावरच लिहिते: गुडघे. मनगटं. चाळीस.
अर्ध्या गोळीचा उरलेला अर्धा
साठ वर्षांपलीकडून येऊन चिकटतो.

"चालतं!" मी ओरडते. "आणखी काही?"

वारा माझ्या तोंडावर.
ती कानामागे हात धरते.