वाजवून घेताना

सातवी होडी पाहिली ती गवताच्या कोठारात.
बाहेर ब्रास डोर सरोवरावर बर्फ अजून राखाडी,
फक्त कडेनं पाणी सुटलेलं, हातभर.
आत निळ्या ताडपत्रीखाली
लाकडी टेकूंवर तीस फूट फायबर,
आणि सुकाणूवर बसलेली एक कोंबडी,
आम्हीच तिच्या घरात शिरल्यासारखी बघणारी.

आमच्याकडे अठरा हजार डॉलर.
बावीस वर्षं मी शाळेची बस चालवली, त्यातले काही,
लॉकीची खाण बंद झाली तेव्हाचे काही,
काही त्या मोटारसायकलचे
जिच्याबद्दल तो अजून बोलत नाही.
खर्चायचे बाराच, असं मी वहीत लिहिलंय.
उरलेले सहा त्या गोष्टींसाठी
ज्या विकणारा सांगत नाही आणि समुद्र सांगतो.

आधीच्या सहांपैकी
एकीचं इंजिन 'जरा हट्टी' होतं, म्हणजे मेलेलं.
एकीच्या शिडाला उंदरांनी खिडक्या पाडलेल्या.
एकीला ताजा पांढरा रंग,
इतका ताजा की लॉकीच्या बोटावर
घरी येईपर्यंत राहिला.

तपासनीस सातशे मागतो.
म्हणून आम्ही सायमनला आणलं, लॉकीचा मामेभाऊ,
शेवंडी धरणाऱ्यांच्या होड्या बांधतो तो.
एक प्लास्टिकची हातोडी, दोन चीज सँडविच,
बाकी सामान नाही.
मडकं घेताना वाजवून घेतात, तशी त्यानं होडी घेतली वाजवायला,
नाकाडापासून, वीतवीत, गुडघ्यांवर सरकत.
टण. टण. टण.
टण.
आणि डोलकाठीच्या पायथ्याशी
बद्द.

सायमन थांबला.
लॉकीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

फेब्रुवारीत, ग्लेस बेच्या दवाखान्यात,
डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पाठीवर एक बोट टेकवून
दुसऱ्या बोटानं असंच वाजवलं होतं.
वर ठीक. खाली उजवीकडे बद्द.
तेव्हाही त्यानं माझ्याकडे पाहिलं नव्हतं.
गाडीत बसल्यावर पट्टा लावत म्हणाला,
होडी घेऊ या.
जसं कुणी म्हणावं, दूध संपलंय.

मी बॅटरी घेऊन केबिनमध्ये उतरले.
डिझेल, बुरशी, जुन्या पांघरुणांचा वास.
वर छताला, नेमकी त्याच जागेखाली,
पेन्सिलीचे गोल.
एकात एक, एकात एक,
प्रत्येकावर बारीक अक्षरात तारीख.
मी मोजले. अकरा.

"मर्डोनं काढलेत," दारातून विल्हेल्मिना म्हणाली.
"दर मार्चला वाजवायचा.
कुज सरकली की नवा गोल.
दुरुस्त कर म्हटलं की म्हणायचा,
आधी नीट कळू दे कुठपर्यंत गेलीय."

चौदा हजार, ती म्हणाली.
सायमन गेलिकमध्ये काहीतरी पुटपुटला
जे चर्चमध्ये म्हणत नाहीत.
मला हात धरून बाजूला नेलं:
डेक कापावा लागेल, वहिनी. दोन महिने. तीनही.
मी मान हलवली.
पण माझ्या डोक्यात तो ताजा पांढरा रंग होता
आणि हे गोल.

लॉकी खाली यायला निघाला.
चौथ्या पायरीवर थांबला,
कोठाराच्या आढ्याकडे बघतोय असं दाखवत,
श्वास गोळा करत.

विल्हेल्मिनानं ते पाहिलं.
एप्रनला हात पुसले, हात कोरडेच होते.
"मर्डो तिसऱ्या पायरीवर थांबायचा," म्हणाली.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
कोंबडी उतरली सुकाणूवरून.

"साडेबारा," ती म्हणाली.
वहीत पाचशे खोडायला जागा होती.

नोटा तिनं दोनदा मोजल्या, थुंकी लावून.
टेकू दिले, ताडपत्री दिली,
दोन नांगर, बरण्याभर स्क्रू,
प्रत्येक बरणीवर मर्डोचं अक्षर.
आम्ही निघालो तशी मागून हाक मारली:
शिडी मात्र चर्चची आहे,
रविवारच्या आत परत द्या.