ऐंशी अंश, दहा सेकंद

नदीपलीकडून येते मी, सकाळी सहाच्या होडीने.
ग्वामा इतकी रुंद
की विद्यापीठ आधी दिसतं, मग ऐकू येतं,
समजतं बऱ्याच वेळाने.

पहिल्या सत्रात फळ्यावर होतं:
प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक.
मधे बाण, पट्टीने आखलेले.
मी वहीत उतरवले, आणि परतताना पाहिलं
तर बेटावर एकही वाट तशी जात नाही;
खाडीसुद्धा दोनदा विचार करून वळते.

दुसऱ्या सत्रात फ्लोरिंदाबाईंनी विषय वाटले.
तार्सिओला डेंग्यू. निल्साला स्तनपान.
मला असाई.
म्हणजे आमचं जेवण: तळलेली मासळी, मांडिओकाचं पीठ
आणि वाडग्यात दाट जांभळा काळोख.
म्हणजे ओदेतेमावशीचा गाळा, दारावरची लाल पताका.
म्हणजे माझी फी.

रोग शागास. किडा न्हावी.
खरंच, आमच्या भाषेत न्हावीच म्हणतात त्याला,
झोपलेल्याच्या गालाशी येतो म्हणून.
फळांच्या टोपलीत बसून येतो, फळांबरोबर दळला जातो.
मग काही दिवसांनी कुणाचा तरी चेहरा सुजतो.
कधी वर्षांनी हृदय,
जे मोठं असावं असं सगळे म्हणतात,
ते खरोखरच मोठं होतं.

उपाय सोपा. ऐंशी अंशांचं पाणी,
दहा सेकंद फळं बुडवायची, लगेच गार पाण्यात.
इतका सोपा की तीस सेकंदांची चित्रफीत पुरे.
मी केली. लाल अक्षरं घातली,
किडा पडदाभर मोठा केला, मिशांसकट.
दोन दिवसांत नऊशे जणांनी पाहिली.
वर्गात टाळ्या.

शनिवारी गाळा रिकामा.
यंत्र बंद, पताका लोंबतेय, माशा निवांत.
मावशीने फक्त फोन पुढे धरला:
माझाच किडा, शेजारणीकडून आलेला,
खाली कुणीतरी चिकटवलेलं: बेटावरचा असाई पिऊ नका.

ते मी लिहिलं नव्हतं.
ते मी लिहिलं नव्हतं, असं मी तीनदा म्हणाले.
"किडा तुझाच ना?"
पुस्तकात याला एखादं नाव असेल.
मला तेव्हा एवढंच कळलं
की ज्या पोटावर मी वाढले त्यावर माझाच पाय पडलाय.

मग तिने विचारलं, ऐंशी अंश म्हणजे किती?
हात घातला तर पोळेल एवढं? बुडबुडे येतात तेवढं?
माझ्या तीस सेकंदांत हा प्रश्न मावला नव्हता.
तापमापक मी प्रयोगशाळेतून आणला,
सांगून आणला असं इथे लिहिते.

रात्री चूल, पातेलं, आम्ही दोघी.
तिला घड्याळ नको होतं.
ती भावंडांची नावं घेत मोजते, थोरल्यापासून:
एका नावाला एक सेकंद.
दहावं नाव वाल्दिरमामाचं.
त्याच्या आधी ती जरा थांबते,
म्हणून तिचे दहा सेकंद अकरा होतात.
मामा कशाने गेला, हे घरात कुणी नीट सांगितलं नव्हतं.
छाती, म्हणायचे. नुसतं छाती.

नंतर तिने स्वतःच बोटाने बटण दाबलं
आणि दवंडी दिल्यासारखी बोलली,
मागे यंत्राची घरघर, मधेच कुत्र्याला दटावणं:
"मी ओदेते. माझं पाणी गरम आहे.
ज्याला शंका असेल त्याने येऊन बोट बुडवावं."

हे किती जणांनी ऐकलं, मला मोजता आलं नाही.
होडीवाल्याने ऐकलं. त्याने पूर्ण आवाजात लावलं,
म्हणजे होडीने ऐकलं.
मंगळवारी दोन गिऱ्हाइकं आली, एक बोट बुडवायला.
बुधवारी पाच.

अहवालात फ्लोरिंदाबाईंनी समासात लिहिलंय:
संदर्भ कुठे? नमुना किती? कुत्रा काढता येईल का?
दहापैकी सात.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहितेय.
कुत्रा राहील.