वस्तू क्रमांक सत्तेचाळीस

आमचं संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगची वखार.
अजूनही पंखा लावला की तुळईवरून रुई उतरते
आणि शिळावर्तुळांतून निघालेल्या
घोड्यांच्या तांब्याच्या दागिन्यांवर जाऊन बसते.
ती झटकायचं काम माझं.
एकोणीस वर्षं, दर सोमवारी, पिवळं फडकं.
बाकीचे सहा दिवस एकच वाक्य:
हात लावू नका.

इतकं बोललो ते
की ताटावर बसलेल्या नातवालाही
एकदा म्हणून गेलो.

मग वर्ध्याहून ती आली, आम्रपाली तिरपुडे.
पत्रात लिहिलं होतं, कलाकार.
मला वाटलं, भिंतीवर काहीबाही चितारेल,
दुपारच्या गाडीनं जाईल.
ती कपाटासमोर उकिडवी बसून
दोन दिवस नुसती एक वस्तू पाहत राहिली.
सत्तेचाळीस नंबर. लोखंड, वीतभर,
एका टोकाला कडी, दुसरं टोक मोडलेलं.
पाटीवर: उपयोग अज्ञात.

तिसऱ्या दिवशी बिसन लोहार आला तिच्यासोबत.
त्यानं काचेला नाक टेकवलं.
हात लावू नका, मी म्हणालो.
"नाक हाय भाऊ," तो म्हणाला.
मोडलेल्या टोकाचं काय करू, त्यानं तिला विचारलं.
मोडलेलंच करा.
"मोडकं नवं करनं लय अवघड जाते, बाई,"
म्हणत गेला, आणि चार जुळ्या ठोकून आणल्या.

रविवारी तिनं कापूस वेचायच्या ओट्या टांगल्या,
एकेकीत एकेक जुळी,
तोंड बांधलेलं, मनगट जाईल इतकंच उघडं.
पाहायचं नाही.
हाताला वाटेल ते बोलायचं.

राठोड कंडक्टर गाडी उभी करून आला,
"घंटीच्या दोरीची कडी," म्हणाला, आणि पळाला.
कौतिकाबाईंनी डोळे मिटले, गरज नसताना.
"पाळन्याची हाय. नाईतर बालटीची.
दोनीले कडी एकच लागते."
आश्रमशाळेचा तुकेश हातच काढेना.
काय आहे रे?
"गार हाय."
तिनं चिठ्ठीवर तेवढंच लिहून सुतानं बांधलं.
गुरुजी म्हणाले, पोरगं चुकलं.
ती म्हणाली, इथं चुकता येत नाही.
गुरुजी चहा न घेताच गेले.

पाच वाजत आले.
काका, तुम्ही राहिलात.
मी म्हणालो, मी ड्युटीवर आहे.
तिनं ओटी पुढे धरली.

बोटांना कडी लागली, मग टोक,
आणि तोंडातून निघून गेलं:
"हे जड हाय."

कशापेक्षा?

आता काय सांगणार.
सोमवारी, दार आतून लावून,
फडक्यासकट मी तिला तळहातावर घेत आलो,
पुसायला लागतो त्याहून जास्त वेळ.
एकोणीस वर्षं.
"खरी हलकी हाय," मी म्हणालो.
"गंजानं खाल्ली तिले, आतून खाल्ली.
चिमणीएवढी राह्यली."

पंखा फिरत होता.
दारातून बिसन म्हणाला,
"मंग लोखंड जास्तच पडलं माह्यं."
त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

तिनं नियमाचं काही विचारलं नाही.
चिठ्ठी दिली, पेन दिलं. लिहा, नावासकट.
या भिंतींच्या आत
हजेरीपटाबाहेर मी कुठं नाव लिहिलेलं नव्हतं.
लिहिलं, खरी हलकी आहे.
देवमन गेडाम.
आणि पुढं सवयीनं वेळही टाकली गेली,
सकाळी दहा, हजर.

तेव्हा साडेपाच होऊन गेले होते.