दहा सेकंद

पहाटे पाचला इशबेल पातेलं चढवते.
पातेलं कसलं, साठ लिटरचा पोलादी हंडाच तो.
मक्याचं पीठ, यीस्ट, काकवी,
आणि आळून यावं म्हणून आगर.
ढवळताना गुठळी होऊ द्यायची नाही.
चिलटांना चालेल, तिला चालत नाही.

बाहेर अ‍ॅबर्डीन अजून धुक्यात,
छपरावर सीगलांची भांडणं.
विद्यापीठाचे चार मजले तिच्या डोक्यावर झोपलेले
आणि उकळत्या काकवीचा वास जिन्याने वर निघालेला,
पहिल्या संशोधकाच्याही आधी.

बावीस वर्षं. आठवड्याला सहा हजार नळ्या,
प्रत्येकीच्या तळाशी बोटभर लापशी, तोंडाला कापसाचा बोळा.
वरच्यांचे शोधनिबंध छापून येतात.
तिचं नाव एकदाच आलं, शेवटच्या ओळीत,
एक अक्षर चुकलेलं.
ते कात्रण तिने घरी फ्रिजवर लावलंय.

एप्रिलात लॅक्लनचा डावा अंगठा
आपणहून गोळ्या वळू लागला.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर जाळी सांधलेला माणूस,
त्याला आता बुटाची नाडी बांधायला
बातम्या संपेपर्यंतचा वेळ लागतो.
घाई कुणाला आहे, म्हणतो.

काल ट्रे घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर गेली
तेव्हा तुओमास, फिनलंडचा तो पोरगेला,
एक नळी टेबलावर आपटत होता.
"धक्का दिला की सगळी तळाशी पडतात.
मग वर चढतात. दहा सेकंदांत
किती रेषेपार गेली ते मोजायचं."
"आणि ही?"
"यांचा एक जनुक बिघडवलाय आम्ही.
चढता येत नाही. म्हणजे, येतं,
पण मध्येच राहून जातं."

तिने चष्मा पुसला.
एक चिलट काचेवर अर्ध्यात थांबलेलं.
पाय हलत होते, अंग नाही.
घड्याळ वाजलं. तुओमासने आकडा लिहिला.
ती वाकलेलीच राहिली.
अकरा. बारा.
एकोणीस.
सव्विसाव्याला ते रेषा ओलांडून गेलं.
"चढलं," ती म्हणाली.
"ते धरत नाहीत," तो ओशाळून म्हणाला.
"माहितेय."

आज तिने काकवी मापाहून चमचाभर जास्त घेतली,
चमचा हंड्यावर धरून उभी राहिली जराशी,
आणि परत डब्यात ओतली.
माप म्हणजे माप.
वर कुणीतरी मोजतंय.