साडेसातचा फेरफटका

श्विदनिक. फेब्रुवारी. उणे अकरा.
पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत, कुंड्या बाजूला सारून,
एक जाडजूड मॉनिटर रस्त्याकडे तोंड करून बसवलेला.
त्यावर दर अर्ध्या मिनिटाला एक राखाडी चौकट उगवायची.
तुमचं यंत्र धोक्यात आहे.
अभिनंदन, आपण जिंकलात.
तुमचं यंत्र धोक्यात आहे.
खाली वाचायला एक मांजर,
आणि मी, खांद्याला पिशवी,
नाकाचा शेंडा बधिर.

दार गेनोवेफाबाईंनी उघडलं.
"बघ बाई तूच. बुद्धिबळ खेळायला म्हणून घेतला,
तर हे उपटसुंभ डावाच्या मध्येच!
वजीर उचलला की आले.
आणि हे आमचे, बंद करायचं सोडून
तो ठोकळा उचलून खिडकीत ठेवतात
अन् कुत्री घेऊन चालू पडतात. या वयात. त्या कमरेने."

इग्नात्सी वोलाक परतले तेव्हा भुवयांवर बर्फ होता.
कुत्रीने अंग झाडलं, श्प्रोत्का तिचं नाव,
माझ्या बुटांवर चिखल.
"किती जणांनी पाहिलं?" मी थट्टेने विचारलं.
"एका मांजरानं," ते म्हणाले, अगदी हिशेबी आवाजात.

मग टोपी न काढताच सांगत बसले.
ब्याऐंशी साल. लष्करी कायदा.
टीव्हीवर वर्दी घालून बातम्या वाचायचे,
रोज संध्याकाळी साडेसातला,
फोन उचलला तरी आधी एक बाई बजावणार:
संभाषणावर नजर आहे, संभाषणावर नजर आहे.
"हेलिकॉप्टरच्या कारखान्यात होतो मी, रिवेट मारायचो.
एके दिवशी कुणीतरी टीव्ही खिडकीत ठेवला, पाठमोरा नाही,
रस्त्याकडे तोंड करून, बोल म्हणावं बर्फाशी,
आणि गाव फिरायला निघालं.
सगळं गाव! बाबागाड्या, म्हातारे, कुत्री.
कुणी घोषणा नाही, काही नाही.
नुसते चालत होतो, टोप्या उचलत होतो एकमेकांना.
त्यांनी संचारबंदी सातवर आणली.
मग काय,
आम्ही पाचच्या बातम्यांना निघायला लागलो."

मी त्या हिवाळ्यात आईच्या पोटात होते.
आईने हे कधी सांगितलं नाही.
पाय सुजायचे, एवढंच सांगते.

मॉनिटर आम्ही दोघांनी उचलून टेबलावर आणला.
मी सेटिंग उघडलं, सेवांची लांबलचक यादी,
आणि तळाकडे बोट ठेवलं:
"हा. याला निरोप्या समजा.
बाहेरचा कुणीही येतो, याच्या हातात चिठ्ठी देतो,
हा ती तुमच्या तोंडासमोर धरतो."
"मी नाही नेमला."
"यंत्राबरोबरच येतो. कारखान्यातूनच कामावर रुजू."
ते हसले नाहीत. चष्मा पुसला.
"पगार कोण देतं त्याला?"
मला उत्तर माहीत नव्हतं.

थांबवा. मग कायमचा बंद. मग ठीक.
तीन टिचक्या.
एक मिनिट गेलं, दोन गेली,
प्यादी जागच्या जागी उभी.
गेनोवेफाबाईंनी छातीवर क्रूस रेखला
आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"झालं?"
"झालं."
"एकटीने?"
त्यांना काय म्हणायचं होतं ते कळून
मी उगाच वायर गुंडाळत राहिले.

पैसे त्यांनी दिलेच, वर लोणच्यातल्या अळंब्यांची बरणी,
जी माझ्या पिशवीत सांडली;
पावती-पुस्तकाला अजून व्हिनेगरचा वास येतो.

आठ दिवसांनी फोन वाजला.
गेनोवेफाबाई. मागे श्प्रोत्का भुंकत होती.
"आता इंटरनेट उघडलं की येतात गं, दुसऱ्याच दाराने.
रंगीत आहेत या खेपेला. नाचतातसुद्धा."
मी म्हटलं, त्यावरही उपाय आहे, उद्याच येते.
"ये, पण घाई करू नकोस," त्या म्हणाल्या,
आणि आवाज खाली आणला,
"काल हे पाचलाच बाहेर पडले.
आणि खालच्या मजल्यावरचा तो मुका-मुका राहणारा लोहार,
तोही टोपी घालून निघाला बरोबर.
कशाला, ते त्याने विचारलंच नाही."