चिमणी कुणाखाली

सातपूरच्या आमच्या कारखान्यात
सुट्या भागांच्या मागणीचा फॉर्म होता.
त्यात एकच यादी,
अकराशे बेचाळीस नावं, वरपासून खालपर्यंत.
तेलाच्या बोटांनी कोण एवढं सरकवणार?
माणसं पहिलंच नाव दाबायची,
आणि स्टोअरमध्ये अडॅप्टर साचले.
छप्पन्न अडॅप्टर, एकालाही काम नाही.

म्हणून मला सांगितलं, झाड कर.
मशीन, मशीनच्या पोटात असेंब्ली,
तिच्या पोटात बेअरिंग, सील, सर्कलिप.
बाणावर टिचकी मारली की फांदी उघडते,
पुन्हा मारली की मिटते.
कशाखाली काय येतं ते सांगायला
खुर्ची ओढून बसले खैरनार फिटर.
एकतीस वर्षं नोकरी,
उरलेले दिवस अकरा.

स्क्रीनकडे बघून म्हणाले,
मूळ वर, पानं खाली.
हे झाड वटवाघळानं लावलंय का, मॅडम?

पहिली चूक माझीच.
आईवर खूण केली की सगळी पोरं आपोआप निवडली जायची.
पगारेंना हवी होती एक ओ-रिंग,
त्यांनी दाबलं थेट 'लेथ क्रमांक चार',
आणि खरेदी विभागाकडे गेली अख्ख्या लेथची मागणी,
चकपासून वरच्या दिव्यापर्यंत.
सोनजेसाहेब फोनवर ओरडले ते
त्र्यंबक रोडच्या पलीकडेही ऐकू गेलं असावं.

मग चौकटीला तिसरी अवस्था दिली.
काही पोरं निवडलेली, काही नाहीत,
तेव्हा आईच्या चौकटीत
ना बरोबरची खूण, ना रिकामपण,
एक आडवी रेघ.
खैरनार बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.
धाकटा कॅनडात, थोरला इथं पाथर्डी फाट्याला,
एवढंच म्हणाले,
आणि पुढचा भाग सांगू लागले.

मिटलेल्या फांदीचं त्यांना पटेना.
आत खूण केलीय, वरून दिसत नाही,
माणूस विसरला तर?
मग स्वतःच म्हणाले, मोहाडीला भावाची बाग आहे,
छाटणी झाली की बघायला या.
नुसत्या काड्या. पण डोळे असतात त्यांच्यात.
मी मिटलेल्या नावापुढे बारीक आकडा टाकला:
आत तीन.

नवव्या दिवशी चिमणी निघाली.
चिमणी म्हणजे पितळेची पाचर,
नखाएवढी, पुढून चोचीसारखी घासलेली.
कुठल्या ड्रॉइंगमध्ये नाही, कुठल्या कंपनीची नाही.
रज्जाक टर्नरनं एका रात्रपाळीत बनवली,
ती ठोकली की गिअरबॉक्स कुरकुरत नाही.
तीन मशीनना चालते.
आणि माझ्या झाडात प्रत्येकाला आई एकच.

तिन्हीकडे ठेवून पाहिली.
इथं खूण केली तर तिथं कळेना.
एका चिमणीच्या तीन चिमण्या, एकमेकींना अनोळखी.
'इतर' नावाची फांदी होती खाली.
तिथं नको, खैरनार म्हणाले,
तिथं गेलेलं परत सापडत नाही.

शेवटी आईचा रकाना कोराच सोडला.
ती आपोआप वर गेली,
लेथ, मिलिंग, ग्राइंडरच्या रांगेत बसली.
बाण नाही, उघडायला काही नाही.
पंधरा टनी मशीनच्या शेजारी
नखाएवढी चिमणी.
सोनजेसाहेब म्हणतील, हे काय?
म्हणू देत.

दुपारचा भोंगा झाला.
खैरनारांनी बोट पँटला पुसलं,
चौकटीवर टेकवलं. संख्या? वीस.
पाठवा दाबलं तर लाल अक्षरं आली:
पुरवठादार निवडणे आवश्यक.

रज्जाक कुठं असतो आता?
असतो कुठला, ते म्हणाले. तीन वर्षं झाली.
घासायचं कसं ते मला शिकवून गेला.
मग चष्मा लावला,
आणि पुरवठादाराच्या रकान्यात
एका बोटानं, एकेक आकडा शोधत,
स्वतःचा मोबाइल नंबर टाकला.
शेवटचे दोन आकडे पुन्हा एकदा वाचून पाहिले.